'अपडेट ऑल' दाबायच्या आधी: धंद्याची वेबसाइट न पाडता अपडेट कशी करायची

ठाण्यात आणि नवी मुंबईत छोट्या कंपन्यांच्या, क्लिनिकच्या, क्लासेसच्या वेबसाइट सांभाळायचं काम करताना दोनच चुका परत परत दिसतात. एक म्हणजे साइट बनवून घेतली, पेमेंट झालं, त्यानंतर डॅशबोर्ड (साइट चालवायचं आतलं पान) कुणी उघडलाच नाही, आणि आता उघडला तर लाल गोळ्यात तीस-पस्तीस अपडेट पेंडिंग. दुसरी म्हणजे कुणीतरी घाबरवलं म्हणून एका दुपारी सगळ्यावर टिक करून बटण दाबलं, साइट पांढरीफटक पडली, डेव्हलपर फोन उचलेना, आणि तेव्हापासून ऑफिसात नियमच झाला की वेबसाइटला हात लावायचा नाही. म्हणजे दुसरी चूक केलेला माणूस पुन्हा पहिल्या चुकीत जाऊन बसतो आणि साइट दोन-तीन वर्षं तशीच पडून राहते.

अपडेटने साइट पडतच नाही असं मी म्हणणार नाही, पडते. पण बहुतेक वेळा पडते ती तयारी न करता, उलटसुलट क्रमाने, सगळं एकदम केल्यामुळे. म्हणून इथे क्रम सांगतोय. उदाहरणं वर्डप्रेसची (साइट बनवायचं आणि चालवायचं सॉफ्टवेअर) घेतली आहेत, कारण आपल्याकडच्या बहुतेक छोट्या धंद्यांच्या साइट त्याच्यावरच आहेत, जगातल्याही चाळीस टक्क्यांहून जास्त साइट त्याच्यावर चालतात. जूमला किंवा ड्रुपल असेल तर बटणं वेगळी, क्रम हाच.

## "आमची साइट छोटी, आम्हाला कोण हॅक करणार?"

हे वाक्य मी वागळे इस्टेटमध्येही ऐकलंय आणि महापेतही. तुम्हाला कोणी माणूस बसून शोधत नाही. रात्री गाळ्यांच्या लाइनीत एकेक शटर हलवून बघत जावं तसे बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्रॅम, इंटरनेटवरच्या लाखो साइट तपासत फिरतात, ज्याच्यावर जुनं व्हर्जन सापडलं तिथे आत घुसतात, धंदा केवढा आहे हे ते बघत नाहीत.

आणि अपडेट आलं म्हणजे कुठे भोक होतं हेसुद्धा जाहीर झालं. नवा कोड आणि जुना कोड शेजारी ठेवून कुणीही फरक बघू शकतो. ऑक्टोबर २०१४ मध्ये ड्रुपलमधली एक मोठी चूक दुरुस्त झाली, तेव्हा त्यांच्याच सिक्युरिटी टीमने नंतर सांगितलं की घोषणेपासून सात तासांत ज्यांनी अपडेट केलं नाही त्यांनी आपली साइट हॅक झाली आहे असंच धरून चालावं. वर्डप्रेस ४.७.२ हे २६ जानेवारी २०१७ ला आलं, त्यातल्या मुख्य दुरुस्तीची माहिती १ फेब्रुवारीला जाहीर झाली, आणि पुढच्या काही दिवसांत ज्यांनी अपडेट केलं नव्हतं अशा ढिगाने साइटची पानं कुणीतरी बाहेरून बदलली. ऑगस्ट २०२४ मध्ये लाइटस्पीड कॅश या प्लगइनमध्ये (प्लगइन म्हणजे वर्डप्रेसला जोडायची जादा सोय) असं भोक सापडलं की पासवर्ड न टाकता बाहेरचा माणूस अॅडमिन होऊ शकत होता, आणि ते प्लगइन पन्नास लाखांहून जास्त साइटवर होतं.

हॅक झाल्यावर काय होतं हे लोकांना नीट माहीत नसतं. साइटवर कवटीचं चित्र येतं असं वाटतं. खरं तर बहुतेक वेळा साइट अगदी नेहमीसारखी दिसत राहते. मागून तुमच्याच सर्व्हरवरून स्पॅम मेल सुटत असतात, त्यामुळे डोमेन आणि सर्व्हरचा आयपी ब्लॅकलिस्ट होतो, आणि मग नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या एखाद्या फॅब्रिकेशनवाल्याने पाठवलेलं कोटेशन समोरच्या कंपनीच्या स्पॅममध्ये जाऊन पडतं, तो वाट बघत बसतो आणि ऑर्डर दुसऱ्याला जाते. त्याला शेवटपर्यंत कळतच नाही की कारण वेबसाइट होती. किंवा गुगलमध्ये तुमच्या नावाखाली जपानी अक्षरातली हजारो पानं दिसायला लागतात. किंवा क्रोममध्ये लाल स्क्रीन येते आणि गुगल अॅड्स चालू असतील तर त्या बंद होतात.

कायद्याचंही थोडक्यात सांगतो. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायची असते, आणि २०२३ च्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायद्यात डेटा सांभाळण्यासाठी वाजवी काळजी घेतली नाही तर २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. तुमच्या फॉर्ममध्ये पेशंटचे किंवा विद्यार्थ्यांचे नंबर जमा होत असतील तर हे तुमच्यासाठीच आहे.

## टप्पा १: सगळी लॉगिन आपल्या ताब्यात आहेत का ते बघा

याच्याशिवाय पुढे जाऊच नका. चार गोष्टी लागतात: डोमेन जिथून घेतलाय तिथलं लॉगिन, होस्टिंगचं लॉगिन म्हणजे सीपॅनल किंवा जे काही असेल ते, वर्डप्रेसचं अॅडमिन लॉगिन, आणि विकत घेतलेल्या थीम (साइटचं रूप ठरवणारा साचा) आणि प्लगइनच्या लायसन्स की.

आता सेटिंग्जमध्ये जनरलला जा आणि तिथे अॅडमिनचा ईमेल कुठला आहे ते वाचा. खूपदा तिथे साइट बनवणाऱ्या मुलाचा मेल असतो, जो तीन वर्षांपूर्वी पुण्याला जॉबला गेला. २०१९ च्या वर्डप्रेस ५.२ पासून सोय आहे की एखाद्या प्लगइनने साइट पाडली तर या पत्त्यावर रिकव्हरी लिंक येते, तिच्यावरून आत शिरून ते प्लगइन बंद करता येतं. ती लिंक त्या मुलाच्या इनबॉक्समध्ये जाऊन पडणार असेल तर तुमच्या काय कामाची. हा पत्ता आजच बदला, आणि बदलल्यावर नव्या पत्त्यावर येणारी कन्फर्मेशनची लिंक दाबायला विसरू नका, ती दाबेपर्यंत जुनाच पत्ता चालू राहतो.

चेक: डोमेन कुणाच्या नावावर आहे आणि रिन्यूअलचे मेल कुणाला येतात? उत्तर "डेव्हलपर बघतो" असं असेल तर अपडेटच्या आधी ते सोडवा.

## टप्पा २: यादी काढा

एक साधी एक्सेल शीट करा. प्लगइनचं नाव, व्हर्जन, फुकट की विकत, कशासाठी आहे, शेवटचं अपडेट कधी आलं. टूल्समध्ये साइट हेल्थ, तिथे इन्फो टॅब, त्यात सर्व्हर उघडलं की पीएचपीचं व्हर्जन दिसतं, तेही लिहा. पीएचपी ही ज्या भाषेवर वर्डप्रेस चालतं ती, आणि तिचंही आयुष्य ठरलेलं असतं. ७.४ चा सपोर्ट २८ नोव्हेंबर २०२२ ला संपला, ८.१ चा ३१ डिसेंबर २०२५ ला. अजून ७.४ वर चालणाऱ्या साइट आपल्या भागात भरपूर आहेत.

ही यादी करताना एक गैरसमज डोक्यातून काढा: लाल गोळा नाही म्हणजे सगळं अपडेटेड आहे असं नाही. अपडेटची सूचना न येण्याची चार कारणं मला कायम भेटतात.

- प्लगइन वर्डप्रेसच्या डिरेक्टरीतून काढून टाकलेलं असतं. मग त्याला अपडेट येतच नाही, आणि डॅशबोर्ड शांत बसतो. प्लगइनचं नाव डिरेक्टरीत शोधा, तिथे ते बंद केल्याचा मेसेज दिसला किंवा शेवटचं अपडेट दोन वर्षांपूर्वीचं असलं तर त्याला पर्याय शोधा.
- विकतच्या प्लगइनचं लायसन्स संपलेलं असतं.
- स्लायडर किंवा पेज बिल्डर (पानं रचायचं प्लगइन) थीमबरोबर फुकट आलेला असतो. त्याचं लायसन्स थीमवाल्याकडे असतं, तुमच्याकडे नसतं, म्हणून थीमवाला नवीन पॅक देईपर्यंत ते जुनंच राहतं. पाच-सहा वर्षांपूर्वी तयार थीम घेऊन बनवलेल्या साइटमध्ये सगळ्यात जास्त जुना कोड इथेच सापडतो.
- प्लगइन 'नल्ड' आहे, म्हणजे विकतची वस्तू टेलिग्रामवरून किंवा कुठल्यातरी साइटवरून फुकट उचललेली. त्यात बरेचदा मागचा दरवाजा आधीच बसवलेला असतो. हे सापडलं तर अपडेट वगैरे सोडा, काढून टाका आणि ओरिजिनल विकत घ्या.

जे वापरात नाही ते डिलीट करा. नुसतं डिअॅक्टिव्हेट करून ठेवणं हे काढणं नाही, फाइल सर्व्हरवर तशाच असतात आणि बाहेरून त्यांच्यापर्यंत पोचता येऊ शकतं. चाळीस प्लगइनच्या साइटवर खरी गरज पंधरा-वीसचीच असते, आणि प्लगइन कमी झाले की पुढचे सगळे टप्पे निम्म्या वेळात होतात.

सावधान, साइट आधीच हॅक तर झालेली नाही? अपडेट केल्याने भोक बुजतं, आत आलेला माणूस बाहेर जात नाही. म्हणून पुढे जायच्या आधी तीन गोष्टी बघा. युजर्समध्ये अॅडमिनिस्ट्रेटर किती आहेत, त्यात अनोळखी नाव आहे का. अपलोड्स फोल्डरमध्ये फोटो आणि पीडीएफ असायला हवेत, तिथे पीएचपी फाइल दिसल्या तर संशय घ्या (काही प्लगइन रिकामी इंडेक्स फाइल ठेवतात, ती सोडून). आणि गुगलच्या सर्च कन्सोलमध्ये सिक्युरिटी इश्यूज उघडून बघा. काही सापडलं तर आधी साफसफाई, मग अपडेट, आणि साफसफाई जाणकाराकडूनच करून घ्या. गिऱ्हाइकांचे पैसे कुठे दुसरीकडे वळले असतील तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

## टप्पा ३: वेळ ठरवा

लोक शुक्रवारी संध्याकाळी सगळे गेल्यावर अपडेट करतात. काही बिघडलं तर शनिवार-रविवार होस्टिंगचा सपोर्ट चॅटवर टोलवत बसतो आणि डेव्हलपर गावाला गेलेला असतो. मंगळवार किंवा बुधवार, सकाळी दहा-अकरा, हे बरं. जेवणाच्या वेळेपर्यंत कळतं काय झालं ते. दुकान ऑनलाइन असेल तर तुमच्या ऑर्डर कधी कमी येतात ते बघा आणि ती वेळ धरा.

सीझन पण बघा. वाशीतून हापूसच्या पेट्या ऑनलाइन विकणाऱ्याने एप्रिलमध्ये मोठं अपडेट करायचं नाही, ते फेब्रुवारीत उरकायचं. फराळवाल्यांनी दिवाळीच्या निदान महिनाभर आधी, क्लासेसवाल्यांनी अॅडमिशन सुरू व्हायच्या आधी. एमआयडीसीत ऑफिस असेल तर महावितरणच्या शटडाउनचा वार टाळा, कारण बॅकअप डाउनलोड होत असताना मध्येच लाइट गेली तर अर्धवट फाइल हातात राहते आणि ती अर्धवट आहे हे लक्षातही येत नाही.

याला एकच अपवाद. सिक्युरिटी अपडेट आहे आणि ते प्लगइन तुमच्याकडे आहे, तर वार-वेळ-सीझन काही बघायचं नाही, बॅकअप घेऊन त्याच दिवशी करायचं.

## टप्पा ४: बॅकअप, आणि तो परत उभा राहतो का हे बघणं

इथे घाई करू नका, बाकी कुठेही केलीत तर चालेल. बॅकअप म्हणजे दोन गोष्टी: फाइल आणि डेटाबेस. तुमचे लेख, ऑर्डर, फॉर्ममधल्या एंट्री डेटाबेसमध्ये असतात, फोटो आणि थीम फाइलमध्ये. नुसतं एक घेतलं तर ते अर्धंच.

१. अपड्राफ्टप्लससारखं प्लगइन किंवा होस्टिंगमधली बॅकअपची सोय वापरून पूर्ण बॅकअप घ्या. अपड्राफ्टप्लसच्या फुकट व्हर्जनमध्ये डेटाबेस, प्लगइन, थीम, अपलोड्स आणि इतर असे पाच भाग येतात, पण वर्डप्रेसच्या मूळ फाइल आणि डब्ल्यूपी-कॉन्फिग ही फाइल त्यात नसते. ती फाइल मॅनेजरमधून वेगळी उतरवून घ्या, तिच्यात डेटाबेसचा पासवर्ड असतो, तेव्हा व्हॉट्सअॅपवर कुणाला पाठवत बसू नका.

२. बॅकअप त्याच होस्टिंगवर ठेवू नका. सर्व्हर गेला तर दोन्ही जाणार. एक कॉपी गुगल ड्राइव्हवर, एक ऑफिसच्या हार्ड डिस्कवर.

३. साइज बघा. डेटाबेसची फाइल शून्य केबी किंवा गेल्या वेळेपेक्षा एकदम निम्मी असेल तर एक्स्पोर्ट मध्येच तुटलाय.

४. ऑनलाइन दुकान असेल तर शेवटच्या ऑर्डरचा नंबर आणि वेळ कागदावर लिहा. उद्या बॅकअप परत टाकावा लागला तर त्यानंतर आलेल्या ऑर्डर डेटाबेसमधून जाणार, त्या पेमेंट गेटवेच्या रिपोर्टवरून हाताने शोधाव्या लागतात, आणि कुठून शोधायचं हे त्या नंबरमुळेच कळतं.

"होस्टिंगवाले रोज बॅकअप घेतात" हे ऐकून गप्प बसू नका. किती दिवसांचा ठेवतात, परत टाकायचे पैसे घेतात का, डेटाबेस वेगळा परत टाकता येतो का, हे आज चॅटवर विचारा आणि उत्तराचा स्क्रीनशॉट ठेवा.

चेक: हा बॅकअप वापरून दुसरीकडे साइट उभी करून बघितली का? केली नसेल तर तुमच्याकडे बॅकअप आहे की नाही हे अजून ठरलेलं नाही. सुदैवाने पुढचा टप्पा तोच आहे.

## टप्पा ५: स्टेजिंगवर रंगीत तालीम

स्टेजिंग म्हणजे साइटची कॉपी, जी गिऱ्हाइकाला दिसत नाही. बऱ्याच होस्टिंगमध्ये एका क्लिकवर होते, सीपॅनलमध्ये सॉफ्टॅक्युलस असेल तर त्यातही आहे. निदान पहिल्यांदा तरी घेतलेला बॅकअप सबडोमेनवर चढवूनच स्टेजिंग करा, म्हणजे टप्पा चारचा चेक आपोआप होतो.

ही कॉपी उघडल्यावर पहिल्यांदा मराठी मजकूर बघा. शीर्षकं, प्रॉडक्टची नावं, गिऱ्हाइकांचे पत्ते. डेटाबेस चुकीच्या कॅरेक्टर सेटमध्ये एक्स्पोर्ट किंवा इम्पोर्ट झाला तर सगळं देवनागरी प्रश्नचिन्हांमध्ये बदलतं, इंग्रजी मात्र बरोबर दिसतं, त्यामुळे घाईत बघणाऱ्याच्या लक्षात येत नाही. डेटाबेसचा सेट 'यूटीएफएट-एमबीफोर' असायला हवा. आणि एकदा प्रश्नचिन्हं सेव्ह झाली की त्या फाइलमधून मूळ मजकूर परत येत नाही, म्हणून हे आत्ताच, तालमीत कळलेलं बरं.

स्टेजिंगवर काम सुरू करायच्या आधी:

- पासवर्ड लावा. त्यात खऱ्या गिऱ्हाइकांचा डेटा आहे.
- सेटिंग्जमध्ये रीडिंगला जाऊन सर्च इंजिनला थांबवणारी टिक लावा.
- मेल आणि एसएमएस बंद करा, नाहीतर स्टेजिंगवरून खऱ्या गिऱ्हाइकाला "तुमची ऑर्डर कॅन्सल झाली" असा मेसेज जातो.
- पेमेंट गेटवे टेस्ट मोडवर टाका.

सावधान: तालीम झाली की स्टेजिंग उचलून लाइव्हवर ढकलायचा मोह होतो. दुकानाच्या साइटवर हे करू नका, मधल्या काळातल्या ऑर्डर पुसल्या जातात. शिवाय ती सर्च इंजिन थांबवणारी टिक पण लाइव्हवर येते आणि साइट हळूहळू गुगलमधून गायब होते, कारण शोधायला आठवडे जातात. तालमीत जे जे केलं त्याची नोंद ठेवा आणि लाइव्हवर तेच हाताने परत करा.

## टप्पा ६: अपडेटचा क्रम

लोक सगळ्यात आधी वर्डप्रेस अपडेट करतात कारण ते बटण सगळ्यात वर दिसतं. मी उलट करतो. प्लगइन बनवणारे नव्या वर्डप्रेससाठी आपलं प्लगइन बहुधा आधीच तयार करून ठेवतात, म्हणून आधी प्लगइन नवीन केले की वर्डप्रेस बदलल्यावर त्यांची कुरकुर कमी होते.

एक, छोटे प्लगइन. एकेक करून. प्रत्येकानंतर साइट दुसऱ्या टॅबमध्ये रिफ्रेश करा. कंटाळवाणं आहे, मान्य, पण बारा एकदम केले आणि साइट पडली तर बारापैकी कुठलं हे शोधण्यात अख्खा दिवस जातो. 'अपडेटिंग' दिसत असताना टॅब बंद करू नका.

दोन, मोठे प्लगइन. पेज बिल्डर, वूकॉमर्स (ऑनलाइन दुकानाचं प्लगइन), फॉर्म. आधी चेंजलॉग (काय बदललं त्याची यादी) वाचा, निदान मोठा आकडा बदलत असेल, म्हणजे ३ वरून ४ वर जात असेल, तेव्हा तरी. मूळ प्लगइन आणि त्याचं प्रो व्हर्जन किंवा अॅड-ऑन एकाच बैठकीत करा, एक नवीन आणि एक जुनं असं ठेवून जेवायला जाऊ नका. वूकॉमर्स अपडेटनंतर डेटाबेस अपडेट करायला सांगतो, ती पट्टी बंद करून टाकू नका, ते पूर्ण होऊ द्या.

तीन, थीम. इथे खूप जणांचं नुकसान होतं. डेव्हलपरने फुटरमधला पत्ता, जीएसटी नंबर, व्हॉट्सअॅपचं बटण थेट थीमच्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं, थीम अपडेट केली की ते सगळं पुसलं जातं. अॅपिअरन्समध्ये थीम्सला जाऊन चाइल्ड थीम (मूळ थीमवर बसणारी वेगळी थीम, मूळ थीम अपडेट केली तरी तिच्यातले बदल राहतात) अॅक्टिव्ह आहे का बघा. नसेल तर थीमला हात लावायच्या आधी डेव्हलपरकडून हे बदल चाइल्ड थीममध्ये हलवून घ्या.

चार, वर्डप्रेस. आता ते बटण दाबा.

पाच, पीएचपी, सगळ्यात शेवटी. जुने प्लगइन नव्या पीएचपीवर लगेच मोडतात, नवीन झालेले बहुधा चालतात, म्हणून शेवटी. सीपॅनलमधून व्हर्जन बदलता येतं आणि न जमल्यास लगेच मागेही नेता येतं, त्यामुळे हा टप्पा वाटतो तेवढा भीतीदायक नाही. ८.३ ला २०२७ च्या शेवटापर्यंत सिक्युरिटी सपोर्ट आहे, तिथपर्यंत या.

फार जुनी साइट असेल तर हा सरळ क्रम अडतो. वर्डप्रेस ६.६ ला किमान पीएचपी ७.२.२४ लागतं, त्याच्याहून जुन्यावर असाल तर नवीन वर्डप्रेस तुम्हाला मिळतच नाही, प्लगइनचंही तसंच. मग पायऱ्या पाडायच्या: जेवढं मिळतंय तेवढं अपडेट, मग पीएचपी एक पायरी वर, परत अपडेट, परत पीएचपी. हे सगळं स्टेजिंगवर, लाइव्हवर अजिबात नाही, आणि यात एक-दोन दिवस जातील असं धरूनच बसा.

### साइट पडली तर, याच क्रमाने

१. पाच मिनिटं काही दाबू नका. स्क्रीनवर आलेल्या मेसेजचा फोटो काढा, त्यात कधीकधी कुठल्या प्लगइनची फाइल ते लिहिलेलं असतं.

२. अॅडमिन ईमेलवर रिकव्हरी लिंक आली का बघा.

३. नसेल आली तर सीपॅनलच्या फाइल मॅनेजरमधून प्लगइन्स फोल्डरमध्ये जा आणि शेवटी अपडेट केलेल्या प्लगइनच्या फोल्डरचं नाव बदला, शेवटी एक 'जुनं' जोडा इंग्रजी अक्षरात. ते प्लगइन बंद पडतं, साइट उभी राहते.

४. "ब्रीफली अनअव्हेलेबल फॉर शेड्यूल्ड मेंटेनन्स" असं अडकून बसलं असेल तर मुख्य फोल्डरमध्ये डॉटने सुरू होणारी मेंटेनन्स नावाची फाइल असते ती डिलीट करा. दिसत नसेल तर फाइल मॅनेजरच्या सेटिंगमध्ये हिडन फाइल दाखवा ही टिक लावा.

५. पीएचपी बदलल्यावर पडली असेल तर आधीचं व्हर्जन.

६. यातलं काहीच चाललं नाही तरच बॅकअप परत टाका. लोक घाबरून हे पहिल्यांदा करतात आणि सकाळच्या ऑर्डर घालवून बसतात.

## टप्पा ७: तपासणी, आणि ती फोनवर

आधी कॅश (साठवून ठेवलेली जुनी पानं) क्लिअर करा: कॅश प्लगइनचा, होस्टिंगचा, क्लाउडफ्लेअर असेल तर त्याचा. नाहीतर तुम्ही जुनीच साइट बघून "सगळं ठीक आहे" म्हणाल. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर अॅडमिन म्हणून लॉगिन असताना बघू नका, फोनवर मोबाइल डेटा चालू करून, इनकॉग्निटोमध्ये बघा. तुमचं गिऱ्हाईक लोकलमध्ये उभं राहून फोनवरच साइट उघडतं.

काय बघायचं? होम पेज दिसतंय एवढ्यावर थांबू नका. इन्क्वायरी फॉर्म स्वतः भरा आणि मेल खरंच इनबॉक्समध्ये येतो का बघा, स्क्रीनवर 'थँक यू' आलं म्हणजे मेल गेला असं नाही. मी बघितलेल्या सगळ्यात महागड्या चुका याच आहेत: साइट सुंदर दिसतेय, फॉर्म मुका झालाय, आणि दोन महिन्यांनी कुणीतरी विचारतं की हल्ली इन्क्वायरी का नाहीत. फॉर्ममध्ये नाव मराठीत टाकून बघा. दुकान असेल तर एक रुपयाचं प्रॉडक्ट करून यूपीआयने खरंच विकत घ्या, ऑर्डरचा मेल, इन्व्हॉइसवरचा जीएसटी, रिफंड, सगळी साखळी बघा आणि मग ते प्रॉडक्ट काढून टाका. फोन नंबर आणि व्हॉट्सअॅपचं बटण दाबून बघा, नकाशा उघडतो का बघा, क्लिनिक असेल तर अपॉइंटमेंट घेऊन बघा.

दुसऱ्या दिवशी सकाळी साइट हेल्थ परत उघडा आणि फॉर्म परत एकदा भरा.

## टप्पा ८: परत एवढं साचू नये म्हणून

वर्डप्रेसचे छोटे सिक्युरिटी अपडेट २०१३ च्या ३.७ पासून आपोआप होतात, ते कुणी बंद केलेले नाहीत ना एवढं बघा. २०२० च्या ५.५ पासून प्लगइनलाही ऑटो अपडेट लावता येतं. साध्या, छोट्या प्लगइनना लावून टाका, रोजचा ऑटो बॅकअप चालू असेल तरच. वूकॉमर्स, पेमेंट, पेज बिल्डर हे हाताने, महिन्यातून एकदा, ठरलेल्या तारखेला. महिन्याचं काम तासाभरात होतं, दोन वर्षांचं साचलेलं काम आठवडा खातं आणि पैसेही तसेच खातं.

काम सोडून गेलेल्यांची अॅडमिन अकाउंट काढा, उरलेल्यांना टू-फॅक्टर (पासवर्डबरोबर दुसरा कोड) लावा.

मेंटेनन्स डेव्हलपरला देणार असाल तर "एएमसी" (वार्षिक मेंटेनन्सचा करार) एवढा शब्द लिहून पैसे देऊ नका. दर महिन्याला काय अपडेट केलं त्याची यादी, बॅकअप कुठे ठेवला, शेवटचा रिस्टोअर कधी करून बघितला, आणि साइट पडली तर किती तासांत हात लावणार, हे चारही लेखी घ्या. टप्पा दोनमधली एक्सेल शीट त्यालाच भरायला द्या, फक्त ती तुमच्या ड्राइव्हवर असू द्या आणि पुढच्या अपडेटची तारीख तिच्यात आजच टाका.